पावित्र्याचा नेम: खानदेशातल्या कॅथलिक घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये माझं लहानपण गेलं. वडील नगर जिल्ह्यातून नोकरीसाठी इकडे आले आणि इथलेच झाले. लग्नानंतर मी यावल तालुक्यात, केळीच्या शिवारात आले. बरीच वर्षं रविवारी मुलांना धर्मशिक्षण देते. मुलांना न्यायला आलेले आईबाप दारात उभ्या उभ्या जे विचारतात, त्यातले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी धर्मपंडित नाही. चर्चची शिकवण जिथे स्पष्ट आहे तिथे ती सांगितली आहे. जिथे माझा अनुभव आहे तिथे तो माझा म्हणूनच वाचावा.

पवित्र होणं हे फादर-सिस्टरांचं काम. आम्हा संसारी माणसांना ते कसं जमणार?

आपल्याकडे ‘पवित्र’ म्हटलं की आधी सोवळं आठवतं. वेगळं राहायचं, शिवायचं नाही, संसाराच्या धुळीपासून लांब थांबायचं. येशूने याच्या नेमकं उलट केलं. मार्कच्या शुभवर्तमानात पहिल्याच अध्यायात कुष्ठरोगी समोर येतो, आणि येशू हात पुढे करून त्याला स्पर्श करतो. ख्रिस्ती माणसाचं पावित्र्य म्हणजे देवावरचं आणि माणसांवरचं प्रेम पूर्णत्वाला जाणं. ते माणसांपासून लांब जाऊन वाढत नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या बिशपांच्या सभेने) २१ नोव्हेंबर १९६४ रोजी चर्चविषयीचा आपला दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्याचं अख्खं पाचवं प्रकरण हेच सांगतं की पावित्र्याचं बोलावणं प्रत्येक ख्रिस्ती माणसाला आहे, मग तो नांगर धरणारा असो की वेदीवर उभा राहणारा. पोप फ्रान्सिस यांनी १९ मार्च २०१८ च्या आपल्या पत्रात ‘शेजारच्या दारातल्या संतां’विषयी लिहिलं: लेकरं मायेने वाढवणारे आईबाप, घर चालवण्यासाठी राबणारी माणसं, आजारी माणसं.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण तिच्याविना पुढचं सगळं ओझं होऊन बसतं. पावित्र्य आपण कमावत नाही. स्नानसंस्कारात (बाप्तिस्म्यात) देवाने ते आपल्यात पेरलं आहे. खाली जे जे करायला सांगितलं आहे ते फक्त त्याला जागा करून देण्यासाठी.

आमच्या पाड्यावर चर्च नाही. फादर महिन्यातून एकदा येतात. बाकीचे रविवार वायाच जातात का?

नाही, वाया जात नाहीत. खानदेशात हा प्रश्न सर्वांत खरा आहे, म्हणून सविस्तर सांगते.

रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या ख्रिस्तप्रसादाच्या उपासनेला, जाणं हे बंधन आहे. शनिवारी संध्याकाळची मिस्साही त्यासाठी चालते. पण धर्मगुरूच नसतील, किंवा तसंच गंभीर कारण असेल, तर बंधन मोडल्याचा दोष लागत नाही. चर्चचा कायदा (कॅनन १२४८) अशा वेळी वचनविधीत (बायबलवाचनाच्या उपासनेत) सहभागी व्हायला किंवा एकट्याने, घरच्यांसोबत, नाहीतर चार घरांनी मिळून प्रार्थना करायला सांगतो.

आम्ही हे असं करतो. रविवारी सकाळी आंघोळी उरकून सगळे एका खोलीत बसतो. टीव्ही बंद. क्रूसाची खूण, मग थोडा वेळ गप्प राहून आठवड्याभरातल्या चुकांची मनातल्या मनात माफी. त्या रविवारचं शुभवर्तमान एकाने सावकाश वाचायचं. वाचनं तीन वर्षांच्या चक्रात येतात: एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक, आणि योहान मुख्यतः पुनरुत्थानकाळात. कोणत्या रविवारी काय, हे धर्मग्रामाच्या कॅलेंडरवर असतं. नसेल तर फादरांना वर्षाच्या सुरुवातीलाच मागून घ्या. म्हणजे तुम्ही पाड्यावर जे वाचता तेच त्या दिवशी रोममध्येही वाचलं जातं. वाचून झाल्यावर दोन-तीन मिनिटं कोणी बोलायचं नाही. मग विश्वासांगीकार, गावासाठी आणि आजाऱ्यांसाठी विनंत्या, ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’, आणि शेवटी ख्रिस्तप्रसादाची मनोमन ओढ व्यक्त करायची: “प्रभू, आज तुला संस्कारात घेता येत नाही, तरी माझ्या अंतःकरणात ये.” याला आध्यात्मिक ख्रिस्तप्रसाद म्हणतात. तो खऱ्या ख्रिस्तप्रसादाची जागा घेत नाही, पण भूक जिवंत ठेवतो.

धडगाव-अक्कलकुव्याकडची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि काही महिने चर्च त्यांच्या दृष्टीसही पडत नाही. एका बाईने मला सांगितलं, की फडावरच्या झोपडीत ती रविवारी संध्याकाळी फक्त एक दिवा लावायची आणि लेकरांना क्रूसाची खूण करायला लावायची, “रविवार विसरू नये म्हणून.” मी धर्मशिक्षण देते, पण रविवार पाळणं काय असतं ते मला त्या बाईने शिकवलं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. लग्नाला आपण दुचाकीवर चाळीस किलोमीटर जातो, उन्हातान्हात, मुलाबाळांसकट. तोच माणूस पंधरा किलोमीटरवरच्या मिस्साला ‘लांब पडतं’ म्हणत असेल, तर तिथे अडचण अंतराची नाही.

दिवसभर काम. प्रार्थनेला वेळ कधी काढायचा?

आपल्या मराठीत याला फार चांगला शब्द आहे: नेम. मुक्ताईनगरहून दरवर्षी मुक्ताबाईंची पालखी पंढरपूरला निघते, इतक्या लांबून. आमच्या शेजारच्या काकू पाऊस बघत नाहीत, गुडघे बघत नाहीत. नेम म्हणजे नेम. श्रद्धा वेगळी असली तरी त्यांच्याकडे बघून मला माझ्या सबबींची लाज वाटते.

तर नेम लहान धरा, पण धरलेला सोडू नका. सकाळी चूल किंवा गॅस पेटवण्याआधी एक मिनिट: “देवा, आजचं काम, आजचा त्रास, आजचा आनंद तुझा.” रात्री पाठ टेकण्याआधी दहा मिनिटं. या दहा मिनिटांत लोयोलाचे संत इग्नेशियस यांनी सांगितलेली दिवसाची उजळणी करा. दिवसात मिळालेल्या गोष्टींबद्दल आधी आभार. मग पवित्र आत्म्याकडे उजेड मागायचा. सकाळपासूनचा दिवस नजरेखालून घालायचा, कुठे प्रेम केलं आणि कुठे तोंड फिरवलं. चुकलं त्याची माफी. आणि उद्याच्या एका ठरावीक गोष्टीसाठी मदत. ‘उद्या चांगली वागेन’ हे फार मोघम झालं. ‘उद्या सासूबाईंनी तेच पुन्हा विचारलं तर आवाज चढवणार नाही’ असं ठरवा.

माझ्या वडिलांची रात्रपाळी असायची. ते म्हणायचे, गाडी येईपर्यंतचा वेळ माझा आणि देवाचा. खिशात जपमाळ, आणि ओठांवर एकच वाक्य: “येशू, माझ्यावर दया कर.” वेळ काढायला त्यांना कधी सुट्टी लागली नाही.

प्रार्थनेला बसलं की मन भटकतं. मग उपयोग काय?

भटकलं की ओढून आणा, रागावू नका. दहा मिनिटांत वीस वेळा आणावं लागलं, तर वीस वेळा तुम्ही देवाकडे वळलात. जे मनात येतं आहे, बँकेचा हप्ता, मुलाचा ताप, तेच प्रार्थनेत घाला.

अहिराणीत, पावरीत, मावचीत प्रार्थना केली तर चालते का?

चालते. मी तर म्हणेन, घरी तशीच करा. मिस्साची ठरलेली प्रार्थना चर्चने मंजूर केलेल्या भाषांतरातच होते, पण देवाशी एकट्याने बोलताना कसलं बंधन? चारशे वर्षांपूर्वी फादर थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज येशूसंघीय इथली भाषा शिकला आणि ख्रिस्ताची कथा त्याने मराठी ओव्यांत सांगितली. ते ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापलं गेलं. परक्या देशातून आलेल्याला आपली भाषा देवाच्या गोष्टीला योग्य वाटली, आणि आपण आपल्याच बोलीची लाज धरतो. “देवा, मनं चुकनं, माले माफ कर” यात काहीही कमी नाही.

बायबल कुठून वाचायला घ्यावं?

मार्कपासून. सर्वांत लहान शुभवर्तमान तेच आहे, सोळा अध्याय. रोज अर्धा अध्याय घेतला तर महिन्याभरात होतं. सावकाश वाचा; एखादं वाक्य खटकलं किंवा आवडलं की तिथेच थांबा, ते वाक्य दिवसभर सोबत ठेवा. त्या दिवशी पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

घरात असलेलं बायबल कोणतं आहे ते मात्र बघा. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं असतात. आपल्याकडे सहज मिळणाऱ्या प्रोटेस्टंट आवृत्तीत ६६. तोबीत, यहुदीथ, मक्काबींची दोन, ज्ञानग्रंथ, बेनसिरा आणि बारूख ही त्यात नसतात. शुभवर्तमानांसाठी अडत नाही, पण तोबीतची गोष्ट नवराबायकोने एकदा मिळून वाचावी अशी आहे.

रोज पूर्ण माळ होत नाही.

एक दशक म्हणा. एक ‘आमच्या बापा’, दहा ‘नमो मरिया’, एक गौरव. भाकरी थापतानाही होतं. माळ म्हणताना येशू-मरियेच्या आयुष्यातले जे प्रसंग मनात आणायचे त्यांना रहस्यं म्हणतात: सोमवारी आणि शनिवारी आनंदाची रहस्यं, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची, बुधवारी आणि रविवारी गौरवाची. गुरुवारची प्रकाशाची रहस्यं पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये जोडली. सप्टेंबरात हरेगावला मतमाऊलीच्या (मरियामातेच्या) यात्रेला गर्दी करायची आणि घरी आल्यावर माळ वर्षभर खुंटीला, असं मात्र नको.

दर वेळी तीच तीच पापं. पुन्हा पापनिवेदनाला जाण्यात काय अर्थ?

आमच्या बागेत या. केळीच्या खोडाभोवती पिलं फुटतात. ती वेळेवर काढली नाहीत तर मुख्य झाडाचं अन्न खातात आणि घड लहान पडतो. म्हणून दर थोड्या दिवसांनी विळा घेऊन बागेत फिरावं लागतं. आमचे हे इतकी वर्षं केळी लावतात. एकदा कापलेली पिलं पुन्हा फुटणारच नाहीत असं ते कधी म्हणाले नाहीत, आणि पुन्हा फुटतात म्हणून विळा फेकूनही दिला नाही.

किमान नियम असा: गंभीर पाप असेल तर वर्षातून निदान एकदा पापनिवेदन केलंच पाहिजे, आणि गंभीर पाप मनावर असताना त्याआधी ख्रिस्तप्रसाद घेऊ नये. गंभीर पाप कशाला म्हणतात? बाब मोठी हवी, ती वाईट आहे हे नीट माहीत हवं, आणि ती मुद्दाम, मनाच्या संमतीने केलेली हवी. तिन्ही एकत्र हवं. हे सांगते कारण काही साधी माणसं प्रत्येक चुकीला महापाप समजून खंगत राहतात, आणि काही जण भावाची जमीन हडपून ख्रिस्तप्रसादाला रांगेत उभे राहतात.

पण किमान नियम हा उंबरठा झाला. शक्य असेल तिथे महिन्यातून एकदा जा. फादर महिन्यातून एकदाच येत असतील तर मिस्साच्या अर्धा तास आधी पोचा. तेही बहुतेक वाटच बघत असतात. लांबलचक कहाणी नको. काय केलं, किती वेळा, आणि मुख्य म्हणजे स्वतःचं. नवऱ्याची नि जावेची पापं सांगत बसू नका. मी स्वतः हे कितीतरी वर्षं केलं. एकदा फादरांनी हळूच विचारलं, “आणि तुम्ही?” मला उत्तर देता आलं नाही.

पण फादर ओळखीचे आहेत. त्यांच्यासमोर कसं सांगू?

पापनिवेदनात ऐकलेलं धर्मगुरूला कुणालाही, कोणत्याही कारणाने सांगता येत नाही. जीव गेला तरी. मुद्दाम फोडलं तर तो चर्चमधून बहिष्कृत होतो. तरी अवघडल्यासारखं होत असेल तर दुसऱ्या धर्मग्रामात जा. नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला जाल तेव्हा तिथे करा. कुठे करता याला महत्त्व नाही.

शेती आणि धंद्यात शंभर टक्के खरं वागून चालतं का?

हा प्रश्न एका तरुणाने विचारला होता, चर्चमधून बाहेर पडताना, जवळजवळ चिडून. मला तो आवडला. माळ-उपवासाबद्दल सगळे विचारतात, तराजूबद्दल फार थोडे.

कापसाचं घ्या. दिवाळीच्या आसपास वेचणी सुरू होते. मजुरी किलोवर. वेचणाऱ्या बाईच्या गाठोड्यातून ‘ओलाव्याचे’ म्हणून किलोभर आपल्याच मनाने कापायचे, आणि तोच कापूस विकायला नेताना त्यावर पाणी मारायचं. हे दोन्ही चोरी आहेत. ‘सगळेच करतात’ याने चोरीचं नाव बदलत नाही. याकोबाचं पत्र काढून पाचव्या अध्यायाचं चौथं वचन वाचा: शेतात राबलेल्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे, आणि ती ओरड सेनाधीश परमेश्वराच्या कानांपर्यंत पोचली आहे. बायबलच्या जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या ग्रंथात तर मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यायला सांगितलं आहे, कारण गरिबाचा जीव तिच्यात अडकलेला असतो. सातपुड्यातून खाली उतरलेल्या बाईला आपण ‘पुढच्या बाजारी देतो’ म्हणतो, तेव्हा त्या दिवशी तिच्या घरी काय शिजलं असेल?

आणि एक गोष्ट फार कमी सांगितली जाते. चोरीचं पाप नुसतं सांगून मिटत नाही, घेतलेलं परत करावं लागतं. माणूस सापडत नसेल तर तेवढं गरिबांना द्यावं. शुभवर्तमानातल्या जक्कय नावाच्या जकातदाराने येशूसमोर चौपट परत करायचा शब्द दिला.

खरं वागून चालतं का? त्या तरुणाला मी सांगितलं, नफा थोडा कमी होतो. तसं होणार नाही असं खोटं मी सांगणार नाही. पण आमच्या गावात एक शेतकरी आहे (कॅथलिक नाही), त्याच्या काट्यावर कुणी दुसऱ्यांदा वजन करत नाही. वेचणीच्या हंगामात इतरांना मजूर मिळत नाहीत, त्याच्याकडे सकाळी सहाला बाया उभ्या असतात.

भावकीत बोलणं बंद आहे. चूक त्यांची आहे. मी का माफ करू?

आमच्या घरचीच गोष्ट सांगते. बांधावरून आणि विहिरीच्या पाण्यावरून चुलतदिरांशी बिनसलं. चार वर्षं बोलणं नाही. समोरून आले तर मी पदर ओढून रस्ता बदलायची, आणि रविवारी मात्र ख्रिस्तप्रसाद घ्यायची. मत्तयच्या पाचव्या अध्यायातलं वचन मी मुलांना पाठ करायला द्यायची: वेदीजवळ अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं तिथे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. एका मुलीने विचारलं, “बाई, चूक भावाची असली तरी?” मी पुस्तकात बघितलं. तिथे चूक कुणाची हे लिहिलेलंच नाही.

तरी मी लगेच गेले नाही. आधी नुसतं त्यांचं नाव घेऊन प्रार्थना करायला लागले, दात आवळून. माफी ही भावना आली की करायची गोष्ट नाही. ती ठरवून करायची असते, भावना मागून येतात, कधी फार उशिरा. मग दिरांच्या आईला दवाखान्यात ठेवलं तेव्हा मी कळण्याची भाकरी आणि भरीत घेऊन गेले. त्यांनी डबा घेतला. कोणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी दिरांनी डबा धुऊन परत आणून दिला आणि विचारलं, “वहिनी, मिरची कुठली होती?”

बांधाची मोजणी अजून व्हायची आहे, आणि ती आम्ही मागे घेतलेली नाही. माफ करणं म्हणजे हक्क सोडणं नव्हे. कायद्याने जे ठरायचं ते ठरू दे, मनातली गाठ त्याच्यासाठी थांबवून ठेवू नका.

नवरा दारू पिऊन मारतो. सहन करणं हाच माझा क्रूस आहे का?

नाही. हे ठामपणे सांगते, कारण बायांना हे उलटं सांगितलेलं मी ऐकलं आहे. मार खाण्यात पावित्र्य नाही आणि मारणाऱ्याला मारू देण्यात त्याच्यावर प्रेम नाही. जोडीदारामुळे शरीराला किंवा मनाला गंभीर धोका असेल, किंवा मुलांना असेल, तर वेगळं राहायची मोकळीक चर्चचा कायदाच देतो (कॅनन ११५३). थांबायला वेळ नसेल तर आधी बाहेर पडा, मग फादरांना कळवा. महिलांसाठी १८१ आणि तातडीला ११२ हे क्रमांक फोनमध्ये ठेवा. त्याच्यासाठी प्रार्थना माहेरूनही करता येते.

उपवासाला साबुदाणा चालतो का?

दर वर्षी प्रायश्चित्तकाळात (ईस्टरआधीच्या उपवासकाळात) हा प्रश्न येतोच, आणि तो स्वाभाविक आहे; आजूबाजूला एकादशी-चतुर्थीचे उपवास बघतच आपण वाढलो. आपल्या उपवासात धान्य चालतं की नाही हा विचारच नाही. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी १८ ते ५९ वयाच्या माणसांनी एकदाच पोटभर जेवायचं. बाकी दोन वेळा थोडंसं, दोन्ही मिळून एका जेवणाएवढं होऊ नये इतकं. चौदा वर्षं पूर्ण झालेल्यांनी त्या दिवशी मांस टाळायचं. वर्षभरातले शुक्रवारही प्रायश्चित्ताचे. तेव्हा साबुदाणा खाल्ला तर बिघडत नाही, पण तुपात परतलेली खिचडी दोन वाट्या, वर शेंगदाण्याचे लाडू, हा उपवास झाला नाही.

गरोदर बाई, मधुमेही, आजारी यांनी जेवावं. आणि वाचलेले पैसे घरातच राहिले तर उपवास अर्धाच झाला. ते कुणाच्या तरी ताटात गेले पाहिजेत.

सासर प्रोटेस्टंट आहे. त्यांच्या प्रार्थनेला बसू का?

बसा. नवापूर-चिंचपाड्याकडे अशी घरं पुष्कळ आहेत. गाणी गा, वचन ऐका, एकत्र प्रार्थना करा. मराठीतून मोकळेपणाने प्रार्थना करणं मी अशाच घरात शिकले. त्यांच्या प्रभुभोजनात मात्र कॅथलिकाने भाग घेऊ नये, आणि रविवारची मिस्सा सोडू नये. मरियेवरून वाद निघाला तर वाद जिंकायच्या मागे लागू नका.

शेजारी कानबाई (खानदेशातली देवी) बसते, अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बोलावतात. जावं की नाही?

शेजाऱ्याच्या आनंदाला जावं आणि दुःखाला तर नक्की जावं. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी व्हॅटिकन परिषदेने सांगितलं आहे की इतर धर्मांत जे खरं आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही. पूजा करायची नाही, ओवाळायचं नाही. पण दारात उभं राहून मिरवणूक बघायला, आलेल्या पाहुण्यांना पाणी द्यायला काही हरकत नाही. प्रसादाविषयी पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा आठवा आणि दहावा अध्याय वाचा. खाण्याने आपण देवाच्या जवळ जात नाही की लांब जात नाही. पण आपल्या खाण्याने एखाद्या नवख्या श्रद्धावंताचा गोंधळ होत असेल तर टाळावं. नाकारायचं झालं तर हात जोडून, हसून. आमच्या शेजारणीला माहीत आहे. ती माझ्यासाठी साधं जेवण वेगळं ठेवते, न विचारता.

कोणत्या संताकडून शिकावं?

आपल्या आयुष्याशी जुळेल अशा. वसईचे संत गोन्सालो गार्सिया आधी व्यापार करत होते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमध्ये नागासाकीला त्यांना क्रुसावर मारलं गेलं. संत देवसहायम त्रावणकोरच्या दरबारात नोकरीला, लग्न झालेले. १७४५ मध्ये त्यांनी स्नानसंस्कार घेतला, सगळ्या जातींच्या माणसांत बसायला-उठायला लागले, आणि १७५२ मध्ये त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. १५ मे २०२२ रोजी त्यांना संत घोषित केलं, भारतातले पहिले प्रापंचिक संत. जातीच्या पंगती आपल्या चर्चच्या अंगणातही कधी कधी दिसतात, म्हणून मला ते फार जवळचे वाटतात.

आणि लिसूची छोटी तेरेजा. चोवीसाव्या वर्षी क्षयाने गेली, १८९७ मध्ये. मठाबाहेर ती फारशी कुणाला माहीत नव्हती. जी सिस्टर तिला मुळीच आवडत नव्हती, तिच्याशीच ती सर्वांत गोड बोलायची. जिला सासर आहे तिला याची किंमत कळेल.

मूल गेलं. तेव्हापासून प्रार्थना कोरडी झाली आहे. माझा विश्वास गेला का?

मला नाही वाटत. विश्वास गेलेलं माणूस हा प्रश्न विचारत नाही. मदर तेरेसांच्या पत्रांवरून आता सगळ्यांना माहीत आहे की कितीतरी दशकं त्यांना देव जाणवत नव्हता, तरी त्या रोज पहाटे उठून प्रार्थनेला बसत होत्या. स्तोत्रसंहितेत देवाला ‘किती वेळ?’ आणि ‘का?’ विचारणाऱ्या प्रार्थना आहेत. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं. ते म्हणा. शब्द फुटत नसतील तर क्रुसासमोर नुसतं बसा, रडा. आणि जो कुणी ‘देवाची इच्छा’ म्हणून चटकन समजूत काढेल, त्याचं मनावर घेऊ नका.

मी वाढते आहे हे कळणार कसं?

स्वतःला विचारू नका, घरच्यांकडे बघा. गलतीकरांच्या पत्रात पाचव्या अध्यायात आत्म्याचं फळ दिलं आहे: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. तुम्ही घरात शिरल्यावर मुलं गप्प होतात की बोलायला लागतात?

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आता चर्चला नेता येत नाही. त्यांचं काय?

फादरांना सांगा, ‘त्यांना त्रास कशाला’ म्हणून थांबू नका. ख्रिस्तप्रसाद घरी आणून देणं हे त्यांचं कामच आहे. तयारी साधी: एका लहान टेबलावर किंवा पाटावर धुतलेलं पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती, पेलाभर पाणी. ख्रिस्तप्रसादाआधी तासभर काही न खाण्याचा नियम आजारी आणि वयस्कर माणसांना लागू नाही, त्यांची सेवा करणाऱ्यांनाही नाही. गोळी घ्यायची वेळ चुकवू नका. आजारी माणसाचा तैलसंस्कार शेवटच्या श्वासासाठी राखून ठेवू नका, आजार गंभीर झाला की बोलवा; पुन्हा बरं वाटून पुन्हा बिघडलं तर पुन्हा घेता येतो. ऐकू कमी येत असेल तर फादरांना आधीच सांगून ठेवा, आणि पापनिवेदनाच्या वेळी आपण सगळ्यांनी अंगणात जाऊन थांबायचं. माझ्या सासूबाईंना ऐकू येत नव्हतं, त्या मोठ्याने बोलायच्या. आम्ही मोटार चालू करून ठेवायचो.